पहिल्या मजल्यावरचं पार्सल ऑफिस

वाचकाचा प्रश्न: डोंबिवली पूर्वेला चार मजली, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या 72 वर्षांच्या गृहस्थांचं पत्र आहे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात 34 वर्षं क्लार्क होते. घरी पत्नी, मुलगा, सून आणि सहावीतला नातू. सकाळी आठच्या सुमाराला बिल्डिंग लोकल पकडायला रिकामी होते, ती रात्री आठनंतरच भरते. मधल्या वेळात सोळा घरांची पार्सलं, सात घरांच्या चाव्या आणि अधूनमधून गॅसचा सिलिंडर यांच्या दारात येतो. 'काका घरीच असतात' हे सगळ्यांना पाठ झालंय; दोघातिघांनी तर ऑर्डर करताना फोन नंबरही यांचाच दिलाय. दुपारची झोप गेली, झोपाळ्यावर खोक्यांचा ढीग, पत्नीचं गुरुवारचं भजनी मंडळ दोनदा बुडालं. परवा भर संकष्टीला तिसऱ्या मजल्यावरच्यांची अर्धा किलो कोळंबी आली. घर शाकाहारी, फ्रीजमध्ये ठेवणार कशी? पत्नीने ती बर्फाच्या बादलीत घालून गॅलरीत ठेवली आणि संध्याकाळपर्यंत काठी घेऊन कावळे हाकले. सून म्हणते, 'बाबा, नाही म्हणायला शिका.' मुलगा म्हणतो, दारावर पाटी लावा. शेजाऱ्यांशी 22 वर्षांचे संबंध आहेत, ते बिघडायला नकोत. येत्या मंगळवारी चौथ्या मजल्यावरच्यांची ट्रेडमिल येणार आहे. काय करावं?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तुम्ही शेवटी कंसात टाकलीत: 'मागच्या महिन्यात नाशिकला लेकीकडे चार दिवस गेलो होतो, तेव्हा तिघांचे फोन आले; तिघांनीही पार्सल कुणाकडे ठेवू एवढंच विचारलं.' खोक्यांवर तीन पानं आणि यावर दीड ओळ. दुखणं त्या दीड ओळीत दिसतंय. खोकी कमी झाल्याने ते जाणार नाही, म्हणून त्याचं वेगळं बघू.

आधी एक हिशेब. पत्रभर 'मी पार्सल घेतो', 'मी चावी देतो' असं आहे. मध्येच मात्र 'गुडघ्यामुळे मला पटकन उठवत नाही, मग हीच उठते' असंही येऊन गेलंय. कोळंबीची राखण त्यांनी केली, भजन त्यांचं बुडालं. तेव्हा या ऑफिसात क्लार्क कोण आणि हमाल कोण, हे उघड आहे. पुढचं काहीही ठरवायच्या आधी काकूंना सरळ विचारा: हे चालू ठेवायचं का, आणि ठेवायचं तर किती? त्या 'बंद करा' म्हणाल्या तर बंद करा. शेजाऱ्यांना तेवढं कारण पुरतं. त्या 'थोडं चालेल' म्हणाल्या तर पुढचं वाचा. (आमचा अंदाज, थोडं चालेल म्हणतील. पण कुणीतरी विचारायला हवं ना!)

मुलाची पाटी नको. कुरिअरची मुलं पाट्या वाचत नाहीत, त्यांना तेवढी सवडच नसते. पाटी वाचतो तो भलताच माणूस, आणि त्याला या घरात दिवसभर दोन वयस्कर माणसं आणि बिल्डिंगभरचा माल असतो हे फुकटात कळतं. सुनेचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. 'नाही' कुणाला आणि कशाला म्हणायचं हे ठरलेलं नसेल, तर माणूस नेमका गरजेच्या वेळी नाही म्हणतो आणि शाम्पूच्या बाटलीला हो म्हणतो.

आणि 22 वर्षांचे संबंध शाम्पूच्या बाटलीवरून तुटत नाहीत. तुम्हाला वाटतंय की लोक गैरफायदा घेतायत. त्यांच्या बाजूने बघा: प्रत्येक घराला आपलं आठवड्यातलं एकच पार्सल माहीत असतं. सोळा घरांची बेरीज फक्त तुमच्या झोपाळ्यावर होते. ती बेरीज कुणाला दाखवलेलीच नाही, तर कळणार कशी?

म्हणून पहिला आठवडा कुणाला काही बोलू नका. शंभर पानी वही घ्या आणि नोकरीत करायचात तेच करा. रकाने सहा: तारीख, आलं किती वाजता, घर नंबर, नग, खोक्याची स्थिती, नेलं कधी आणि कुणी. स्थितीचा रकाना टाळू नका. खोकं ओलं, चेपलेलं किंवा चिकटपट्टी दोनदा मारलेली दिसली की दारातच फोटो काढा आणि 'फाटकं आलं' असं लिहा. नाहीतर आतली काचेची बरणी फुटलेली निघाली की संशयाची सुई कुठे फिरते, हे पार्सल ऑफिसातल्या माणसाला आम्ही सांगायला नको. खोक्यावर घर नंबरही स्केच पेनने मोठा लिहा, म्हणजे संध्याकाळी चष्मा शोधावा लागणार नाही. आठवड्याने बेरीज मारा. तयारीत राहा, निम्मी पार्सलं स्वतःच्याच सुनेची निघाली, असंही होतं.

आता वेळ. दिवसभर दार उघडं ठेवलं तर बेल दिवसभर वाजणार. सकाळी साडेदहा ते एक आणि संध्याकाळी साडेचार ते सात पुष्कळ झालं. दुपारी बेल बंद ठेवायची सोय करा. तारेची बेल असेल तर इलेक्ट्रिशियन तिच्या लाइनवर आतून एक साधं बटण बसवून देतो, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बिनतारी बेल असेल तर आतल्या डब्याचा प्लग काढा. त्या वेळात नातू शाळेतून येत असेल तर त्याच्या दप्तरात किल्ली द्या, नाहीतर बिचारा बाहेर बेल दाबत बसेल आणि आत तुम्ही घोरत असाल. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, आणि तो गुरुवारच.

फोन नंबरचं लगेच मिटवा. ऑर्डरवर तुमचा नंबर असला की कुरिअरवाल्याच्या लेखी गिऱ्हाईक तुम्हीच. पत्ता सांगा, गल्ली सांगा, 'आज घरी नाहीत का?' याचं उत्तर द्या, सगळं तुमच्या माथी. शिवाय पोचवल्याचा ओटीपीही तुमच्याच फोनवर येतो. ज्याचं पार्सल त्याचा नंबर, यात सवलत देऊ नका.

काय घ्यायचं आणि काय नाही, हे मात्र नीट ठरवा. गडबड इथेच होते.

पैसे द्यायचं पार्सल कधीच घेऊ नका. कुणी काही मागवलेलं नसताना 'कॅश ऑन डिलिव्हरी'चं खोकं आणून 'साहेबांनी सांगितलंय, काका पैसे देतील' म्हणायचं, ही जुनी युक्ती आहे. खोक्यात चिंध्या निघतात. शेजाऱ्याने फोनवर 'द्या हो, मी संध्याकाळी देतो' म्हटलं तरी त्यालाच तिथून पैसे भरायला सांगा. आणि कुणी 'तुम्हाला पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा' म्हणालं तर फोन खिशात टाका. पैसे यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. तरीही कुणी फसलंच, तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करायची. वेळ जितका कमी गेला तितकी रक्कम मध्येच अडवली जायची शक्यता जास्त.

ओटीपी शेजाऱ्याच्या फोनवर येतो, तो तुम्हाला फोनवर सांगतो, तुम्ही कुरिअरच्या मुलाला सांगता. याला हरकत नाही, पण खोकं हातात आल्यावर, फिरवून बघितल्यावर. आकडा सांगितला म्हणजे माल नीट मिळाल्याची सही केली. मोबाइल, लॅपटॉप असल्या वस्तू काही वेळा दारात खोलून दाखवतात आणि मग ओटीपी मागतात. त्या ज्याने मागवल्या त्यानेच बघून घ्याव्यात. 'परत न्यायला येतील, तेवढं देऊन टाका' हेही तसंच. न्यायला आलेला मुलगा वस्तू फोटोशी ताडून बघतो. लेबल नाही, बटण तुटलंय म्हणाला तर तुम्ही काय उत्तर देणार? नाही म्हणा.

बँकेचं कार्ड, पासपोर्ट, कोर्टाचा किंवा वकिलाचा लखोटा यांना हात लावू नका. पहिली दोन तर शेजाऱ्याकडे द्यायचीच नसतात. नोटिशीवर तुमची सही पडली की ती कुणाला, कधी मिळाली याचा घोळ होतो आणि त्यात तुमचं नाव येतं. 'ते संध्याकाळी घरी असतात' एवढंच सांगा.

नाशवंत माल नाही. कोळंबीने हा नियम स्वतःच करून टाकलाय. याला एकच अपवाद ठेवा, औषधांचा. कुणाचं इन्सुलिन आलं तर ते फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. वेष्टणावर 2 ते 8 अंश लिहिलेलं असतं. 'बर्फात आणखी छान राहील' म्हणून फ्रीजरमध्ये घातलं तर ते वाया जातं, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. आणि पाच किलोच्या वरचं काहीच नाही. दळणाचा डबा उचलताना गुडघा कुरकुरतो ना? तोच काटा समजा.

सिलिंडरबद्दल जरा सविस्तर, कारण त्यात भिडेपेक्षा सुरक्षेचा प्रश्न मोठा आहे. शेजाऱ्याची भरलेली टाकी स्वतःच्या घरात ठेवू नका. तुमच्या दोन आणि त्यांची एक अशा तीन टाक्या एका स्वयंपाकघरात जमायला नकोत. आणणारा माणूस ती जिन्याने वर नेतोच. त्यांच्याच दारात, सेफ्टी डोअरच्या आत ठेवायला सांगा. पोचल्याचा कोड त्यांच्या नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला असतो, तो टाकी बघितल्यावरच द्यायचा. बघायचं काय? घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. ते 15.6 असेल, तर काट्यावर 29.8 भरलं पाहिजे. वजन करून मागायचा ग्राहकाला हक्क आहे. मागताना ओशाळू नका. वरच्या कड्याला धरून असलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी 28' म्हणजे त्या टाकीची पुढची तपासणी सप्टेंबर 2028 पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटून गेलेली टाकी परत पाठवा. झाकण काढून व्हॉल्व्हमधली काळी रबरी रिंग जागेवर आहे ना, तेही बघायला लावा. ती नसली किंवा चिरलेली असली की रेग्युलेटर बसतो आणि गॅस बाजूने निसटतो. शंका आली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी ओढायची नाही. गळतीची तक्रार 1906 वर करतात. हा मजकूर वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलात तर काकूंनाही सोपं जाईल.

चाव्या. श्रीखंडाच्या डब्यात सात जुडगे आणि प्रत्येकाला घर नंबराची चिठ्ठी, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. चोराला यापेक्षा काय हवं? चिठ्ठ्या आज काढा. प्रत्येक जुडग्याला वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधा, कुठला रंग कुणाचा ते वहीत नको, फक्त तुम्हा दोघांच्या डोक्यात राहू दे. सात रंग लक्षात राहत नसतील तर चाव्याच जास्त झाल्या. ज्यांच्या वर्षभरात एकदाही लागल्या नाहीत त्यांना परत करा. डबा दारामागच्या फळीवरून कपाटात हलवा. आणि 'मी त्यांचा मामेभाऊ, चावी द्या' म्हणणाऱ्याला बाहेर उभं ठेवून मालकाला फोन करायचा, मामेभाऊ खरा असला तरी. खरा असेल तर रागावणार नाही. रागावला तर स्वभावाने मामावर गेला असेल, असं समजून सोडून द्या.

ज्या वाचक घरी एकट्याच असतात आणि शेजाऱ्यांची पार्सलं घेतात, त्यांनी सेफ्टी डोअर न उघडता जाळीच्या फटीतून मावेल तेवढंच घ्यावं. मावत नसेल तर 'जिन्यात ठेवा' म्हणावं. 'घरात दुसरं कुणी नाही' हे वाक्य कुरिअरवाल्याला सांगू नये.

हे सगळं शेजाऱ्यांना कळवायचं कसं? एकेकाला गाठून नको. एकाला सौम्य सांगाल, दुसऱ्याला तिखट, आणि तिसऱ्याला सांगायचं राहील. बिल्डिंगच्या ग्रुपवर एकदाच, साधारण असं:

'नमस्कार. येत्या 1 तारखेपासून आमच्याकडे पार्सल सकाळी 10.30 ते 1 आणि संध्याकाळी 4.30 ते 7 या वेळात घेऊ. गुरुवारी बंद. पैसे द्यायचं, नाशवंत आणि पाच किलोवरचं घेता येणार नाही. ऑर्डरवर फोन नंबर स्वतःचाच द्यावा. न्यायला रात्री 8 ते 9 मध्ये यावं. मागच्या आठवड्यात एकूण इतकी पार्सलं आली, वही बघायला ठेवली आहे.'

'इतकी'च्या जागी बेरीज घाला आणि खाली दोघांचीही नावं. क्षमस्व, गैरसमज नसावा, वगैरे नको. गुडघ्याचा उल्लेखही नको. मग कुठलं तेल चोळायचं यावर चाळीस मेसेज येतात आणि मूळ मुद्दा वाहून जातो. पहिले पंधरा दिवस कुणीतरी दुपारी दोनला फोन करणारच. 'साडेचारला पाठवा त्याला,' एवढंच म्हणायचं आणि पुढे गप्प राहायचं. गप्प राहणं अवघड जातं, कबूल आहे. त्या गप्पपणातच तोंडून 'बरं, आजच्या दिवस घेतो' निघून जातं.

काकूंनी 'बंद' म्हटलं किंवा माल तुम्हाला पेलण्यापलीकडचा निघाला, तर दोन पर्याय सोसायटीपुढे ठेवता येतील. दिवसा घरी असणारं आणखी कोण आहे ते बघून वार वाटून घ्यायचे; शिकवण्या घेणाऱ्या बाई, घरून काम करणारा मुलगा, कुणी ना कुणी निघतं. किंवा तळमजल्यावर स्लॉटेड अँगलची कुलपाची रॅक करायची. ती जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी मात्र ठेवू देऊ नका. पुठ्ठ्याची खोकी आणि मीटर एकत्र असले की एका ठिणगीचं काम असतं, आणि वर जाणारा जिना तिथूनच निघतो.

आता नाशिकची दीड ओळ. तुमच्याकडे रोज सहा-सात माणसं येतात. येतात कुठवर? तुम्ही पत्रात घराचं वर्णन केलंय त्यावरून, खोकी दाराजवळच्या झोपाळ्यावर असतात. शेजारी चप्पलही न काढता हात आत घालतो, 'थँक्यू काका' म्हणतो आणि जिना चढतो. लोकलमध्ये दोन तास उभा राहून आलेला माणूस दारातून मिळतंय तर आत कशाला येईल? झोपाळा मोकळा करा. खोकी आतल्या खोलीत, तुमच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवा आणि वहीत सही करायला वही तिथेच. सही करायची म्हणजे चप्पल काढायची, आत यायचं, बसायचं. झोपाळा रिकामा दिसला की माणूस आपसूक टेकतो. रोज सगळे बसणार नाहीत, आणि रोज सगळ्यांना चहा करायला काकूंनाही सांगू नका. आठवड्यातून एक दिवस ठरवा, तो दिवस तुम्ही चहा टाका. आणि दोन दिवस पार्सल न नेणाऱ्याला व्हार्फेज, म्हणजे माल उशिरा नेल्याचा आकार, लावा. पार्सल ऑफिसात फुकट मुदत संपली की आकारायचातच. दर काय ठेवायचा ते तुम्ही ठरवा. अर्धा किलो बटाटेवडे ठीक वाटतात, कोळंबी चालणार नाही.

पुढच्या वेळी नाशिकला जाताना आदल्या दिवशी दोन-तीन घरी स्वतः जाऊन सांगा, 'लेकीकडे चाललोय, नातवंडांना भेटायला.' फोन करणाऱ्यांना तुम्ही कुठे आणि कशाला गेलात हे माहीत होतं का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

राहता राहिली मंगळवारची ट्रेडमिल. तिला आजच फोन करून नाही म्हणा, ग्रुपवरच्या मेसेजची वाट बघू नका. चाळीस-पन्नास किलोंचं खोकं असतं, बऱ्याच वेळा आणणारे ते तळमजल्यावर टेकवून सही मागतात, जोडणारा मिस्त्री वेगळ्या दिवशी येतो. तोवर ते जिन्यात आडवं, आणि त्यावर सही तुमची. चौथ्या मजल्यावरच्यांना सांगा की माल निघायच्या आत तारीख रविवारची करून घ्या, आणि वर चढवून देणार का हे कंपनीला आधी विचारा. रविवारी ते खोकं पहिल्या वळणावर अडकलं की हाक तुम्हालाच येणार आहे. 34 वर्षं माल हलताना बघितलेला माणूस बिल्डिंगमध्ये दुसरा आहेच कोण? खुर्ची घेऊन लँडिंगवर बसा आणि 'डावीकडे झुकवा, अजून, अजून' एवढं सांगा. हात लावू नका.